इतर राष्ट्रांसारखा राजा

आजचं वाचन: १ शमुवेल ८:१-२२ (जमलं तर आधी सातवा अध्याय वाचून घ्या)



रोज एक अध्याय असं करत आपण शमुवेलाच्या आठव्या अध्यायावर आलो. हा अध्याय मंडळीत बहुतेक वेळा एकाच पद्धतीने सांगितला जातो: लोक हट्टी होते, त्यांनी राजा मागितला, देव नाराज झाला. एवढंच असतं तर हा अध्याय पाच ओळींत संपला असता. मला तो वाचताना दर वेळी एका गोष्टीपाशी थांबावंसं वाटतं. वडीलजन जी तक्रार घेऊन येतात, ती खरी आहे.

शमुवेल म्हातारा झालाय. त्याने आपल्या दोन मुलांना, योएल आणि अबीया यांना, दूर दक्षिणेला बैर-शेबा इथे न्याय करायला बसवलंय. ही मुलं पैशाच्या मागे लागलेली आहेत, लाच घेतात, निकाल फिरवतात (वचन ३). हे वडीलजनांनी रचलेलं कुभांड नाही, शास्त्रच सांगतं. आणि हे कोणाच्या घरात? ज्या शमुवेलाला लहानपणी देवाने पहिला निरोप दिला तो एलीच्या घराबद्दल, एलीच्या बिघडलेल्या मुलांबद्दल होता (अध्याय ३), त्याच्याच घरात. पवित्र शास्त्र मोठ्या लोकांची बाजू सावरून घेत नाही, हे मला फार आवडतं. शास्त्यांच्या पुस्तकात शास्ता बापाकडून मुलाकडे पद देत नाही. देव ज्याला उभा करील तो शास्ता. मग शमुवेलाने मुलांना का नेमलं? अध्याय त्यावर काही बोलत नाही, पुढे जातो.

तर तक्रार खरी. आता त्यांनी सुचवलेला उपाय बघा. "मुलं नालायक निघाली" ही अडचण आहे आणि मागणी काय, तर राजा द्या. राजा म्हणजे काय? त्याच्यानंतर त्याचा मुलगा, मग त्याचा मुलगा. लायक असो वा नसो. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर जो बग रिपोर्ट केला, त्यालाच कायमचं फीचर करून मागितलं. योएल आणि अबीया यांना वडीलजन निदान नको म्हणू शकले. पुढे शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर आला तेव्हा लोकांनी ओझं हलकं करायची विनंती केली, त्याने तीन दिवसांची मुदत घेतली आणि आधीपेक्षा वाईट उत्तर दिलं. तेव्हा "नको" म्हणण्याची किंमत म्हणजे राज्याचे दोन तुकडे (१ राजे १२).

इतकी शहाणी, अनुभवी माणसं. त्यांना हे दिसलं नसेल का? मला वाटतं दिसलं असणार. पण मुलांची तक्रार हे सांगायचं कारण होतं. आतलं कारण वेगळं होतं आणि ते बाराव्या अध्यायात शमुवेल तोंडावर बोलून दाखवतो. १२:१२ वाचा. अम्मोन्यांचा राजा नाहाश चालून येतोय हे पाहिल्यावर तुम्ही राजा मागितलात, असं तो म्हणतो. परमेश्वर तुमचा राजा असतानाही.

हा नाहाश कोण, हे अकराव्या अध्यायात कळतं. याबेश-गिलादाच्या लोकांनी शरण येण्याची तयारी दाखवली तर त्याची अट काय? प्रत्येकाचा उजवा डोळा फोडणार. उजवा डोळा गेला की ढाल धरून लढणारा माणूस निकामी, आणि वर सगळ्या इस्राएलाची बेअब्रू. म्हणजे सीमेवर असा माणूस आहे, पश्चिमेला लोखंडाची हत्यारं असलेले पलिष्टी आहेत आणि इकडे पुढारी म्हातारा झालाय. सोफ्यावर बसून "त्यांनी विश्वास ठेवायला हवा होता" असं म्हणणं आपल्याला सोपं आहे. त्यांच्या घरात डोळे फोडले जाण्याच्या बातम्या पोचत होत्या. भीती खोटी नव्हती.

पण मग सातवा अध्याय कुठे गेला?

तिथे काय झालं ते आठवा. वीस वर्षं लोक परमेश्वरासाठी शोक करत होते. शमुवेल म्हणाला, मनापासून वळत असाल तर घरातली बाल आणि अष्टारोथ दैवतं काढा. त्यांनी काढली. मिस्पा इथे सगळे जमले, उपास केला, पाणी काढून परमेश्वरासमोर ओतलं, पाप कबूल केलं. तेवढ्यात पलिष्टी चालून आले. लोक घाबरले, पण त्यांनी शमुवेलाला म्हटलं की आमच्यासाठी देवाचा धावा करायचं थांबवू नकोस. अर्पण चालू असतानाच परमेश्वराने मेघगर्जना केली आणि पलिष्ट्यांची दाणादाण उडाली. शमुवेलाने तिथे एक दगड उभा केला, त्याचं नाव एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा दगड. आपल्या कित्येक घरांत आणि मंडळ्यांत एबेनेजर हे नाव दिसतं ना, ते इथलं.

म्हणजे देवाचं राज्य काम करत नव्हतं अशातला भाग नाही. डोळ्यांसमोर दगड उभा होता. तरी राजा का?

माझं मत सांगतो, पटतं का बघा. मिस्पाचा मार्ग चालतो, पण तो दर वेळी तुम्हाला हात घालायला लावतो. घरातल्या मूर्ती काढा. उपास करा. चुकलो म्हणा. आणि एवढं करूनही मदत कशी येईल हे आधी कळत नाही. मेघगर्जना होईल असं कोणी प्लॅनमध्ये लिहिलेलं नव्हतं. संकट आलं की पुन्हा पहिल्यापासून देवाकडे जायचं, पुन्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. राजाचं तसं नाही. त्याला पगार द्या, मुलं सैन्यात द्या, की झालं. तो कायम तिथे असतो, दिसतो, मोजता येतो. तुमच्या घरात कोणती दैवतं आहेत हे तो विचारत नाही. संरक्षणही मिळतं आणि पश्चात्तापही टळतो, असं हे डील आहे. म्हणून मला वाटतं की वडीलजनांना देव दुबळा वाटत नव्हता. देवावर विसंबून राहण्यात जे रोज उघडं पडणं आहे, ते त्यांना नको होतं.

विसावं वचन सावकाश वाचा. राजाने आमचा न्याय करावा, आमच्या पुढे चालावं आणि आमच्या लढाया लढाव्यात. तीन कामं. आता निर्गमाकडे जा. ढगाचा खांब होऊन त्यांच्या पुढे कोण चालत होतं (निर्गम १३:२१)? तांबड्या समुद्रापाशी कोण त्यांच्यासाठी लढलं (निर्गम १४:१४)? न्याय कोणाच्या नियमाने होत होता? एकही काम नवीन नाही. देवाच्या हातातली तीन कामं उचलून एका माणसाच्या नावावर करा, अशी ती मागणी आहे. म्हणूनच परमेश्वर शमुवेलाला म्हणतो की त्यांनी तुला नाकारलेलं नाही, मला नाकारलंय (वचन ७). शमुवेलाला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं हे वाक्य नाही, ते मागणीचं अचूक वाचन आहे.

आणि मिळाला तो राजा कसा होता? शौल. सगळ्या लोकांपेक्षा खांद्यापासून वर उंच. दिसायला अगदी पाहिजे तसा. सुरुवातीला त्याने नाहाशाला हरवलंसुद्धा, पण ते वाचताना ११:६ नीट बघा, देवाचा आत्मा त्याच्यावर आला म्हणून. पुढे सतराव्या अध्यायात गल्याथ चाळीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, समोर येऊन आव्हान देतो. ज्याने "आमच्या पुढे चालावं" म्हणून त्याला मागून घेतलं, तो सगळ्यांत उंच माणूस बाकीच्यांबरोबर घाबरून उभा आहे आणि गल्याथाला मारणाऱ्याला बक्षीस देणार आहे (१७:११, २५). शेवटी पुढे जातो तो मेंढरं राखणारा पोरगा. तोही राजाचं चिलखत काढून ठेवून.

आता किमतीकडे वळू. अकरा ते सतरा ही वचनं म्हणजे शमुवेलाने वाचून दाखवलेल्या अटी आणि शर्ती. आपण ॲप इन्स्टॉल करताना जशा न वाचता खाली स्क्रोल करतो तशाच. मूळ इब्री भाषेत इथे "घेणे" हे एकच क्रियापद चार वेळा येतं: तो तुमचे मुलगे घेईल, तुमच्या मुली घेईल, तुमची उत्तम शेतं आणि मळे घेईल, तुमचे दास आणि गाढवं घेईल. त्यात धान्याचा आणि कळपांचा दहावा हिस्सा. दशांश! जो भाग परमेश्वराचा म्हणून वेगळा काढायचा, तेवढाच आता राजाही मागणार. यादीच्या शेवटी: तुम्ही त्याचे दास व्हाल. मिसर देशातून दासपणातून काढलेल्या लोकांना हे ऐकवलं जातंय, हे विसरू नका.

या यादीत मला बाराव्या वचनाची गंमत वाटते. राजा तुमच्या मुलांना हजारांवरचे आणि पन्नासांवरचे सरदार करील. हे इशाऱ्याच्या यादीत आहे, पण ऐकणाऱ्या एखाद्या बापाला ते नोकरीच्या जाहिरातीसारखं वाटलं असणार. आपला पोरगा सरदार! रथापुढे धावणारी पोरं दुसऱ्याची असतील. मळा जाईल तोही दुसऱ्याचा. किंमत सगळ्यांत वाटली जाणार म्हटलं की ती आपल्याला भरावी लागेल असं वाटत नाही, आणि नाहाश मात्र उद्या येणार असतो. म्हणून ते ऐकतात आणि म्हणतात, ते काही नाही, राजा पाहिजेच.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. इस्राएलाचा सगळ्यांत चांगला राजा दावीद. तोही लढाईच्या मोसमात यरुशलेमेत घरी राहतो आणि माणसं पाठवून बथशेबेला आणतो. इब्रीत तिथे तेच क्रियापद आहे, "घेणे" (२ शमुवेल ११:४). शलमोनाने इस्राएलातून तीस हजार वेठीची माणसं काढली, दर महिन्याला दहा हजार लबानोनात. रहबामाच्या वेळी लोकांचा स्फोट झाला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा दगडमार करून कोणाला मारलं? वेठीवरचा अधिकारी अदोराम. आणि नाबोथाचा मळा अहाबाने कसा मिळवला ते १ राजे २१ मध्ये वाचा. शमुवेलाची यादी ही भविष्यवाणी कमी आणि साधं निरीक्षण जास्त होती. आजूबाजूची राष्ट्रं अशीच चालत होती. "इतर राष्ट्रांसारखा" मागितला, इतर राष्ट्रांसारखाच मिळाला.

हा मोह आधीही एकदा येऊन गेला होता. मिद्यान्यांना हरवल्यावर लोकांनी गिदोनाला म्हटलं, तू राज्य कर, मग तुझा मुलगा, मग नातू. गिदोनाने फार सुंदर नकार दिला, परमेश्वरच तुमच्यावर राज्य करील (शास्ते ८:२३). पण लगेच लुटीतली कुंडलं मागितली, सोन्याचं एफोद केलं, बऱ्याच बायका केल्या आणि एका मुलाचं नाव ठेवलं अबीमलेख. अर्थ, माझा बाप राजा आहे. तोंडाने नाही म्हणूनही राजा होता येतं. पुढे याच अबीमलेखाबद्दल योथामाने झाडांची गोष्ट सांगितली: जैतून, अंजीर, द्राक्षवेल सगळे नाही म्हणतात, कारण त्यांना फळ द्यायचं काम आहे, आणि काटेरी झुडूप मात्र तयार होतं, वर म्हणतं माझ्या सावलीत या. काटेरी झुडपाची सावली! हा अध्याय नक्की वाचा, शास्ते ९.

इथे एक गैरसमज नको. ख्रिस्ती माणसाने सरकार मानू नये, मत देऊ नये, साहेबाचं ऐकू नये, असा याचा अर्थ नाही. अनुवाद १७ मध्ये राजाची सोय आधीच आहे: त्याने घोडे, बायका, सोनं-रुपं वाढवू नये आणि स्वतःसाठी नियमशास्त्राची प्रत लिहून घेऊन ती रोज वाचावी. म्हणजे राजा चालेल, पण देवाच्या वचनाखाली बसणारा. पौल तर राजांसाठी प्रार्थना करायला सांगतो (१ तीमथ्य २:२). प्रश्न खुर्ची असावी की नसावी हा नाही. तिच्याकडून आपण काय मागतो, हा आहे.

आणि हे मागणं आपल्या रोजच्या आयुष्यात फार साध्या रूपात येतं. कंपन्यांत माणसं कमी करण्याच्या बातम्या येतात तेव्हा टीममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: सर आहेत तोवर आपल्याला काही होत नाही. मी असं ऐकलंय, आणि त्याच सरांचा शेवटच्या दिवसाचा मेलही पाहिलाय. मंडळीतही तेच. नवा पाळक आला की सगळं नीट होईल. जुना होता तेव्हाच बरं होतं. आमच्या तरुण संघातली एक मुलगी दुसऱ्या शहरातल्या नोकरीची ऑफर हातात घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, तुम्हीच सांगा, घेऊ का नको? तुम्ही सांगाल ते मी करते." सल्ला विचारणं योग्यच आहे, नीतिसूत्रं त्यासाठीच भरलेली आहेत. पण शेवटच्या वाक्यात ती सल्ला मागत नव्हती. चुकलं तर दुसऱ्याचं चुकावं, अशी सोय मागत होती. आम्ही दोघांनी पगार, भाडं, तिच्या आईचं आजारपण हे सगळं कागदावर मांडलं, एकत्र प्रार्थना केली आणि निर्णय तिच्याकडेच ठेवला. ती जरा नाराज होऊन गेली. मोबाइलवर रोज "तुझ्यासाठी देवाचा खास संदेश" पाठवणारे भरपूर आहेत. त्यांच्याकडे अशा प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं, म्हणून तर ते चालतात.

तुम्ही स्वतःला तपासायचं असेल तर विसाव्या वचनातली तीन कामं घ्या. मी बरोबर की चूक हे कोणाच्या शब्दावर ठरतं? माझ्या पुढे कोण चालतंय, म्हणजे कोणाचं बघून मी पाऊल टाकतो? आणि माझी जी लढाई मलाच देवासमोर नेली पाहिजे, ती मी कोणाच्या गळ्यात टाकलीय? नाव पटकन येईल. ते नाव वाईट माणसाचं असेलच असं नाही. बहुतेक वेळा चांगल्याच माणसाचं असतं. शौलही सुरुवातीला लाजाळू होता, निवडीच्या दिवशी सामानात लपून बसला होता.

आता परमेश्वराचं वागणं बघा, कारण मला या अध्यायात सर्वांत जास्त तेच हलवतं. नाकारला गेल्यावर तो शमुवेलाला तीनदा सांगतो की त्यांचं ऐक (वचनं ७, ९, २२). मधे इशारा, पण जबरदस्ती नाही. होशेय १३:११ मध्ये तो म्हणतो की हा राजा मी रागाने दिला. तरी त्याच राजाला तो आपला आत्मा देतो, त्याच राजाच्या हातून याबेश-गिलादाचे डोळे वाचवतो. आणि ज्याला लोकांनी म्हातारा म्हणून बाजूला केलं तो शमुवेल १२:२३ मध्ये म्हणतो की तुमच्यासाठी प्रार्थना करायचं सोडलं तर ते माझं पाप होईल. पद गेलं, प्रार्थना राहिली. मंडळीतल्या प्रत्येक माजी पदाधिकाऱ्याने हे वचन पाठ करावं अशी माझी नम्र सूचना आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात या अध्यायाचे दोन प्रतिध्वनी आहेत. सहाव्या अध्यायात पाच हजारांना भाकर मिळते आणि लोक येशूला बळजबरीने राजा करायला निघतात. तो एकटाच डोंगरावर निघून जातो. भाकर देणारा आणि लढाया लढणारा राजा त्यांना हवा होता, तो त्याने व्हायचं नाकारलं. मग एकोणिसाव्या अध्यायात पिलात विचारतो, तुमच्या राजाला वधस्तंभावर खिळू काय? तेव्हा मुख्य याजक जे उत्तर देतात त्यात ते कैसराशिवाय आपला कोणी राजाच नाही, असं जाहीर करतात (१९:१५). रामा इथल्या वडीलजनांनी निदान स्वतःचा राजा मागितला होता. इथे मंदिराचे याजक, ज्याच्या सैन्याने देश दाबून धरलाय त्या परक्याच्या नावाने शपथ घेतल्यासारखं बोलतात. आणि त्यांच्या समोर जो उभा आहे त्याने कोणाचा मुलगा, मुलगी, मळा, गाढव घेतलं? एक शिंगरू मागून आणलं होतं, तेही परत पाठवतो असं सांगून (मार्क ११:३). मग त्याने जे दिलं ते मार्क १०:४५ मध्ये आहे.

प्रार्थना: हे परमेश्वरा, आमच्या नाहाशाला तू ओळखतोस. हप्त्याची तारीख, डॉक्टरांचा रिपोर्ट, सोमवारची मीटिंग. आम्हाला भीती वाटते हे आम्ही तुझ्यापासून लपवत नाही. घरातलं जे काढायचं ते काढायला आम्हाला बळ दे, आणि मेघगर्जना कधी करायची ते तू ठरव. ज्या माणसांवर आम्ही तुझी कामं लादली, त्यांचं ओझं आज उतरव. येशूच्या नावात, आमेन.

उद्या नववा अध्याय. शौल या नावाचा अर्थ "मागितलेला". हा मागितलेला राजा आपल्याला पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो बापाच्या हरवलेल्या गाढवी शोधत रानोमाळ फिरतोय, गाढवी काही सापडत नाहीत, पिशवीतली भाकर संपलीय आणि चाकराकडे फक्त पाव शेकेल चांदी आहे.